उगमाजवळ राहणाऱ्यांचा शेजारी कोण?

नळ घट्ट बंद करावा, बाजारास जाताना कापडी पिशवी न्यावी, कचरा जाळू नये, दिवा विनाकारण जळत ठेवू नये, अशी शिकवण आता शाळेत, ग्रामसभेत व वर्तमानपत्रांतून नित्य ऐकू येते. ती चांगली आहे ह्याविषयी कोणी वाद घालीत नाही. तथापि ती कोणत्या अर्थाने चांगली आहे, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. ती केवळ टापटीप आहे काय? चार पैसे वाचविण्याची युक्ती आहे काय? किंवा खोटे न बोलणे व दुसऱ्याचे न घेणे ह्या कर्तव्यांच्या पंक्तीस बसण्याची तिची योग्यता आहे? आमचे मत असे आहे की, तिची जागा त्या कर्तव्यांच्या पंक्तीतच आहे. आणि आमचा अकोले तालुका जेथे वसला आहे ती जागा पाहिली म्हणजे ह्या मताचे कारण वाचकांच्या सहज ध्यानात येईल.

हा तालुका अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकास सह्याद्रीच्या कुशीत आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर उंचीचे, ह्याच तालुक्याच्या सीमेवर उभे आहे. रतनगडाच्या परिसरात प्रवरा उगम पावते व हरिश्चंद्रगडाच्या बाजूने मुळा निघते. प्रवरा भंडारदरा व निळवंडे ह्या जलाशयांतून अकोल्यावरून संगमनेरास जाते, पुढे ज्ञानेश्वरीमुळे साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक असलेल्या नेवाशास पोहोचते, आणि प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. मुळेचे पाणी राहुरी तालुक्यातील मुळा धरणात साठते व तेथून अहिल्यानगर शहरास पिण्यासाठी जाते. गोदावरीस मिळालेले पाणी पैठणजवळच्या नाथसागरात जाते, आणि छत्रपती संभाजीनगर व जालना ह्या शहरांची तहान त्या जलाशयावर भागते. म्हणजे आमच्या डोंगरावर पडलेला पावसाचा थेंब किती घरांच्या माठांत जाईल ह्याची मोजदाद करणे कठीण आहे. आम्ही उगमाजवळ राहतो. आमच्या वरच्या बाजूस कोणी नाही. आमच्या खालच्या बाजूस लाखो लोक आहेत.

आता आपल्या रोजच्या बोलण्यातील एक शब्द पाहा. काही जुने झाले, फुटले किंवा रिकामे झाले की आपण म्हणतो, टाकून दे. कोठे टाकून दे, हे आपण सांगत नाही. ऐकणाराही विचारीत नाही. शेतात औषध फवारल्यावर रिकामी बाटली ओढ्याच्या काठी पडते. जूनचा पहिला पाऊस तिला ओढ्यात नेतो, ओढा नदीत नेतो, आणि बाटलीच्या तळाशी राहिलेले विष पाण्यात मिसळून पुढे जाते. प्लास्टिकची पिशवी कुजत नाही. उन्हाने तिचे बारीक बारीक तुकडे होतात, व ते माशांच्या पोटात आणि पिण्याच्या पाण्यातही आढळतात. खरकटे भरून फेकलेली पिशवी गाय गिळते व ती तिच्या पोटात अडकून राहते. बरे, पिशवी जाळली तर ती नाहीशी होते असे वाटते. परंतु तिचा धूर ओसरीवर निजलेल्या लेकराच्या छातीत जातो, आणि काही जातींचे प्लास्टिक जळताना डायऑक्झिन नावाचे जे विष निघते ते फार काळ टिकते. तात्पर्य, ज्यास आपण बाहेर म्हणतो तेही कोणाचे तरी अंगण असते, कोणाची तरी विहीर असते.

हे ध्यानात आले म्हणजे शेजारी कोण हा जुना प्रश्न नव्या रीतीने पुढे उभा राहतो. शोमरोनी मनुष्याच्या दृष्टांतात वाटेवर जखमी होऊन पडलेल्या माणसाजवळून दोघे निघून गेले. त्यांनी त्यास मारले नव्हते, लुटलेही नव्हते. त्यांनी पाहिले व ते बाजूने गेले, एवढाच त्यांचा दोष. तरी तो दोष प्रभूने फार मोठा धरला. आपली स्थिती त्या दोघांहून चमत्कारिक आहे. नदीत विष सोडणारा मनुष्य जखम स्वतः करतो आणि जखमी झालेल्यास पाहतही नाही. जे मूल नेवाशास किंवा पैठणास ते पाणी पिते त्याचे तोंड आपल्यास कधी दिसणार नाही. परंतु न दिसणारा शेजारी हा शेजारी नव्हे, असे कोणत्या न्यायाने म्हणता येईल?

शिवाय दुसऱ्या एका शेजाऱ्यास तर कोणीच पाहिलेले नाही, कारण तो अजून जन्मास यावयाचा आहे. आपल्या राज्यातील बहुतेक वीज कोळसा जाळून निर्माण होते. त्या धुरातील कर्बवायूचा मोठा भाग शतकानुशतके हवेत राहतो व पृथ्वीची उष्णता वाढवितो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०१७ साली असे दाखविले की, १९५० ते २०१५ ह्या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. आजोबांनी जाळलेल्या कोळशाचा भार नातू वाहत आहे, आणि आपल्या जाळण्याचा भार आपले नातू वाहतील. नदीचा प्रवाह खाली जातो तसा काळाचाही जातो. आणि काळाच्या नदीवर प्रत्येक पिढी उगमाजवळच राहत असते.

येथे आमचे वाचक दोन आक्षेप घेतील, व ते दोन्ही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप गरिबाचा. तो म्हणतो, काटकसर आम्हांस काय शिकविता? आमच्या घरी वाया घालवावयास आहे तरी काय? आमची लुगडी फाटली की त्यांच्या गोधड्या होतात, राख भांडी घासण्यास लागते, शेण शेतात जाते. हे सर्वथैव खरे आहे. ज्या घरी थंड हवेची यंत्रे रात्रंदिवस चालतात व माणशी एक मोटार आहे, त्या घराचा भार पृथ्वीवर अधिक पडतो, आणि उपदेशही प्रथम त्याच घरास व्हावयास पाहिजे. तरीपण आमच्या ह्या मित्रास आम्ही एक गोष्ट सुचवू इच्छितो. त्याच्या वडिलांची काटकसर गरजेतून आलेली होती; फेकण्यास काही नव्हते म्हणून ते काही फेकीत नसत. आता डोंगरातील शेवटल्या वाडीच्या दुकानावरही पुडीत बांधलेला माल लटकत असतो. वस्तू स्वस्त झाली की गरज काटकसरीची राखण करीत नाही. ती राखण मनास करावी लागते. जे पूर्वी दारिद्र्यामुळे घडत होते ते ह्यापुढे इच्छेने घडले, तरच ते सद्गुण ह्या नावास पात्र होईल.

ह्याच ठिकाणी पुरुष वाचकांस एक इशारा देणे अवश्य आहे. घरात काटकसर व्हावी असे पुरुषाने म्हणावे व तिचे ओझे बाईने वाहावे, ही रीत आपल्याकडे फार आहे. पाणी वाचवा असे सांगणाऱ्याने प्रथम स्वतः हंडा उचलावा. गॅस महाग म्हणून जो सुनेस पुन्हा धुराच्या चुलीपुढे बसवितो तो पृथ्वीची सेवा करीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातील धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावली. एकाच्या दमलेल्या छातीवर दुसऱ्याची काटकसर उभी राहिली, तर तिला अन्यायच म्हटले पाहिजे.

दुसरा आक्षेप आमच्या तालुक्याचा स्वतःचा आहे आणि तो अधिक कडू आहे. घाटघर व रतनवाडी येथे जिल्ह्यातील सर्वांत अधिक पाऊस पडतो; तरी चैत्र-वैशाखात डोंगरातील कित्येक वाड्यांच्या बायका हंडे घेऊन दूर जातात. भंडारदरा धरणाचे बांधकाम १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पुरे झाले. त्यात सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी मावते. पण त्याचे कालवे संगमनेर तालुक्यातील ओझरच्या बंधाऱ्यापासून निघतात, आणि ऊस पिकला तो खालच्या मुलखात. पुढे निळवंडे धरण झाले, तेव्हाही जमिनी गेल्या त्या अकोल्याच्या. त्याच्या कालव्यात प्रथम पाणी सुटले ते ३१ मे २०२३ रोजी. इकडे २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यातील समन्यायी वाटपाच्या तत्त्वाने टंचाईच्या वर्षी वरच्या धरणांतून जायकवाडीस पाणी सोडावे लागते, व त्यावरून वरचे आणि खालचे ह्यांच्यात वारंवार तंटा होतो. तेव्हा आमचा मनुष्य विचारतो, ज्यांनी आमचे पाणी नेले त्यांच्यासाठी आम्ही पाणी स्वच्छ राखावे काय?

ह्या प्रश्नास गोड बोलून उत्तर देऊ नये. ज्याची जमीन गेली त्यास पाणी मिळाले पाहिजे, वाडीस नळ मिळाला पाहिजे, आणि हे मागणे ग्रामसभेत, कचेरीत व न्यायालयात निर्भयपणे मांडले पाहिजे. मंडळीने त्यात मागे राहू नये. परंतु हक्क मागणे ही एक गोष्ट व हानी करणे ही दुसरी. नदीत टाकलेली विषाची बाटली धरणाचा निर्णय करणाऱ्या अधिकाऱ्याच्या घरी जात नाही; ज्याने कोणाचे काही नेले नाही अशा मजुराच्या रांजणात जाते. शिवाय ती बाटली प्रथम आमच्याच खालच्या वाडीवरून जाते. एकाने आमच्यावर अन्याय केला म्हणून तिसऱ्यावर अन्याय करण्याचा परवाना आम्हांस मिळत नाही. उलट ज्याचे हात स्वच्छ आहेत त्याच्या मागणीस बळ येते. खालच्या लोकांस उसाचे पाणी मोजून घ्या असे सांगावयाचे असेल, तर आपलाही हिशेब चोख असला पाहिजे.

आता कृतीकडे वळू. ज्या गोष्टी आम्ही सांगतो त्यांस पैसा थोडा लागतो, लक्ष मात्र पुष्कळ लागते.

प्रथम घर. गळक्या नळातून सेकंदास एक थेंब पडला तर दिवसास ८६,४०० थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर चार लिटरांहून अधिक पाणी झाले, म्हणजे तीन-चार दिवसांत हंडाभर. नळाची चकती बदलण्यास चहाच्या दोन पेल्यांइतका खर्च येतो. न्हाणीचे पाणी केळीस व आळवास द्यावे, पण त्यात साबण बेताचा असावा. डाळ रात्री भिजत घालावी व भांड्यावर झाकण ठेवावे. उकळी आल्यावर आच कितीही वाढविली तरी उघड्या भांड्यातील पाणी अधिक तापत नाही, वाफ मात्र अधिक होते. म्हणून उकळी येताच आच मंद करावी. साठ वॉटचा जुना दिवा रोज पाच तास जळाला तर महिन्यास ९ युनिट वीज जाते. नऊ वॉटचा एलईडी दिवा तितकाच जळाला तर दीड युनिटाहूनही कमी. ओला कचरा परसातील खड्ड्यात, सुका कचरा निराळ्या पोत्यात, आणि काच, पत्रा व प्लास्टिक भंगारवाल्याकडे, एवढी वाटणी घरातील लहान मूलही करू शकते.

दुसरे शेत. भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची आपली जुनी रीत आहे; त्यासाठी झाडांच्या फांद्या दरवर्षी छाटल्या जातात. गादीवाफ्यावर कुजलेले खत घालून रोपे उत्तम होतात, आणि बांधावर गिरिपुष्प लावले तर हिरवळीचे खत घरचेच मिळते. गवत चांगले येते ह्या समजुतीने डोंगरास वणवा लावणे तर सर्वस्वी टाकावे. त्यात उगवती झाडे जळतात, पाणी धरून ठेवणारा पाचोळा जळतो, आणि उघडी पडलेली माती पावसात वाहून जाते. पिकास लागतो त्याहून अधिक युरिया दिला तर उरलेला अंश झिरपून विहिरीत उतरतो. औषधाची रिकामी बाटली तीनदा धुवावी, ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे, बाटलीस भोक पाडावे व ती घरात कशासही वापरू नये.

तिसरे कामाची जागा. शाळेत, कचेरीत किंवा दुकानात जळणारा दिवा आपला नसतो, त्याचे बिल दुसरा भरतो. आणि म्हणूनच तेथे मनुष्याची खरी परीक्षा होते. घरी नळ बंद करणारा व कचेरीत पंखा फिरता ठेवून जाणारा मनुष्य पृथ्वीचा नव्हे, आपल्या पिशवीचा विचार करतो. गुरुजींनी व कारकुनांनी कागदाच्या दोन्ही बाजू वापराव्यात. गाडीवानांनी गाडी उभी असता इंजिन बंद करावे. दुकानदारांनी मागितल्यावाचून पिशवी देऊ नये. भंडारदरा व पुरुषवाडीकडे मे महिन्याच्या शेवटी व जूनच्या आरंभी काजवे पाहण्यास पुष्कळ पाहुणे येतात, व आपल्यातील कित्येकांचा त्यावर चरितार्थ चालतो. काजव्याचा नर आपल्या प्रकाशाने मादीस खूण करतो. मोटारींच्या झगझगाटात ती खूण बुडते. पाहुण्यांस दिवे मालवावयास व वाटेवरूनच चालावयास नम्रपणे सांगणे हे यजमानाचे कर्तव्य आहे, आणि त्यातच पुढील वर्षाची भाकरी आहे.

चौथी आपली मंडळी. प्रीतिभोजनाच्या दिवशी थर्माकोलच्या ताटल्यांचा ढीग उपासनामंदिरामागे पडावा हे शोभत नाही. थर्माकोल व प्लास्टिकच्या ताटल्या, पेले व चमचे ह्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. म्हणजे हा केवळ शोभेचा प्रश्नही राहिलेला नाही. मंडळीने स्टीलची शंभर ताटे एकदा घ्यावी, अथवा पळसाच्या पत्रावळी लावाव्या. पाच हजारांच्या भोजनानंतर उरलेले तुकडे बारा टोपल्यांत गोळा झाले होते. ज्याने थोड्याचे पुष्कळ केले त्यानेच उरलेले वाया जाऊ दिले नाही. तेव्हा विपुलता हे उधळपट्टीचे निमित्त होऊ शकत नाही.

हे सर्व ऐकून कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या जगात एका घराने काय होणार? ह्यास उत्तर आमच्या जिल्ह्यानेच दिले आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे ह्या गावच्या राहीबाई सोमा पोपेरे ह्या कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी वाल, घेवडा, नाचणी, वरई, भात ह्यांचे गावठी बियाणे आपल्या घरी जपण्यास आरंभ केला. संकरित पिकाचे बी पुन्हा पेरले तर पीक मूळच्यासारखे येत नाही, म्हणून शेतकऱ्यास दरवर्षी दुकानापुढे उभे राहावे लागते. गावठी बी मात्र घरच्या मडक्यात वर्षानुवर्षे टिकविता येते. गावठी बी प्रत्येक शेतात अधिक पिकते असे आम्ही म्हणत नाही. परंतु ते एकदा नाहीसे झाले तर कोणत्याही किमतीस परत मिळणार नाही. पुढे बायफ ह्या संस्थेचे साहाय्य मिळून राहीबाईंच्या घरातील ठेव्याची बीजबँक झाली, आणि २०२० साली सरकारने त्यांस पद्मश्री जाहीर केली. त्याच वर्षी तोच मान नगर तालुक्यातील हिवरेबाजारच्या पोपटराव पवारांसही जाहीर झाला. त्या गावी पाऊस थोडा. तेथे १९८९ नंतर लोकांनी श्रमदानाने पाणी अडविले, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी केली, शेतीसाठी कूपनलिका खोदणे बंद केले, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून कोणते पीक घ्यावयाचे ते ग्रामसभेत ठरविले. कोंभाळण्यात एका घरापासून आरंभ झाला, हिवरेबाजारात साऱ्या गावाने मिळून नियम केला. दोहोंची गरज आहे. घराने उदाहरण घातल्यावाचून गावास नियम सुचत नाही, व गावाने नियम केल्यावाचून एका घराचे उदाहरण फार दिवस टिकत नाही.

म्हणून, प्रिय बंधुभगिनींनो, ह्या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने एकत्र बसून एवढा एकच प्रश्न विचारावा: आपल्या घरातून काय काय बाहेर जाते, व ते कोणाच्या दारी पोहोचते? ज्याचे उत्तर देण्यास संकोच वाटेल अशी एक गोष्ट निवडावी व ती बंद करावी. पुढच्या महिन्यात दुसरी घ्यावी. मंडळीच्या पंचांनीही सभेत हाच प्रश्न घ्यावा, व गावच्या ग्रामसभेत आपल्या लोकांनी तो मांडावा. देवाने ही भूमी मनुष्याच्या हाती राखणीसाठी दिली आहे. मालक तो आहे, आपण कारभारी आहो, आणि कारभाऱ्यास हिशेब द्यावा लागतो. आमच्या तालुक्यास त्याने फार उंच जागा दिली आहे. उंचावर राहणाऱ्याने खाली काय जाऊ द्यावे, ह्याचा विवेक राखणे हेच त्या जागेचे भाडे होय.